जमा झाला, वटला नाही

माझा धंदा दुसऱ्यांच्या होणाऱ्या घरांतले दोष शोधण्याचा आहे. न्यू जर्सीत कोणी घर घ्यायला निघालं की करारावर सह्या होतात, मग वकिलांना तीन कामकाजाचे दिवस मिळतात, आणि त्यानंतर साधारण दहा-चौदा दिवसांत घराची तपासणी उरकायची असते. त्या दिवसांत मला फोन येतो. मी शिडी, टॉर्च आणि भिंतीतली ओल मोजायचं यंत्र घेऊन जाते, तीन-चार तास घर वर-खाली बघते, रात्री बसून फोटोंसकट रिपोर्ट लिहिते आणि ६०० डॉलर घेते. इथे याला होम इन्स्पेक्टर म्हणतात.

सांगलीत सिव्हिल शिकत असताना असा काही धंदा असतो हे मला ठाऊक नव्हतं. आपल्याकडे घर घेताना एखादा मामा बरोबर यायचा. तो भिंतीवर टकटक करायचा, नळ सोडून बघायचा, गच्चीवर जाऊन इकडे-तिकडे पाहायचा आणि "बांधकाम बरंय" म्हणून चहा प्यायचा. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत त्या मामाला परवाना लागतो. परवान्यासाठी २०० प्रश्नांची राष्ट्रीय परीक्षा असते, आणि आमच्या राज्यात आधी अनुभवी माणसाच्या हाताखाली खऱ्या घरांच्या तपासण्या कराव्या लागतात. लग्नानंतर इथे येऊन काही वर्षं व्हिसामुळे घरात बसून काढल्यावर मी ते सगळं केलं. आता पोटमाळ्यावर रांगणं आणि तळघरातल्या कोपऱ्यात नाक घालणं हे माझं रोजचं काम आहे.

या धंद्यात एक खास प्रकारची फसवणूक चालते. तिच्याबद्दल लिहायचं बरेच दिवस डोक्यात होतं, कारण ती मला नुसती चोरी वाटत नाही. माणूस कशामुळे फसतो याबद्दल आपण जे धरून चालतो, ते ती खोटं ठरवते.

आधी आमच्यासारखे लोक हिच्या जाळ्यात का येतात ते सांगते. आमच्यापैकी बरेच जण एकेकटे काम करतात. फोन उचलणारे, तारीख देणारे, छपरावर चढणारे आणि हिशेब ठेवणारे आपणच. नंबर आणि मेल आयडी जगासमोर ठेवावाच लागतो, नाहीतर काम कसं येणार? आणि ग्राहक अनोळखी असणं ही आमची रोजची गोष्ट आहे. कॅलिफोर्नियात बसून न्यू जर्सीतलं घर घेणारे लोक खरेच असतात. नोकरी बदलली, महिन्याभरात मुलांच्या शाळा सुरू होणार, येऊन घर बघायलाही वेळ नाही. त्यामुळे "मी बाहेरगावी आहे, मेलवरच बोलू" असं कोणी म्हटलं तर त्यात वावगं काहीच वाटत नाही. फसवणारा नेमका हाच सदरा घालून येतो.

मागच्या वर्षी मार्चमध्ये मला आलेला मेल बघा. मजकूर साधारण असा होता: मी सध्या समुद्रात तेलविहिरीवर कामाला आहे, इथे फोन लागत नाही. बायकोसाठी घर घेतोय. पत्ता खाली दिला आहे. तुमची फी किती आणि तुम्ही चेक घेता का?

मी फी सांगितली आणि नेहमीचे प्रश्न विचारले. करार झाला का? तपासणीची मुदत कधी संपते? तुमचा एजंट कोण? रेडॉनची चाचणी हवी का? उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. त्यात यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर नव्हतं. लिहिलं होतं की माझी कंपनी तुम्हाला २,९५० डॉलरचा कॅशिअर्स चेक पाठवते आहे. त्यातले ६०० तुमचे. सामान हलवणारे मूव्हर्स कार्ड घेत नाहीत आणि मला समुद्रातून पैसे पाठवता येत नाहीत, तेव्हा उरलेले २,३५० तुम्ही त्यांना झेलवरून पाठवा. त्रासाबद्दल ५० डॉलर जास्त ठेवून घेतलेत तरी चालेल.

चेक खरंच आला. कुरिअरने, रातोरात. जाड कागद, वॉटरमार्क, गुळगुळीत छपाई. कॅशिअर्स चेक म्हणजे आपला डिमांड ड्राफ्टच समजा. बँकेने स्वतःच्या नावावर काढलेला, म्हणून लोक त्याला रोख रकमेसारखा मानतात. मी तो टेबलावर ठेवला आणि घर बघतात तसा बघितला. पैसे देणारा म्हणून तिसऱ्याच एका कंपनीचं नाव होतं, तेलाशी तिचा काही संबंध दिसत नव्हता. पाकीट चौथ्याच राज्यातून निघालं होतं. बँक ओहायोतली, असं छापलेलं. पण चेकच्या तळाशी बँकेचा जो नऊ आकडी क्रमांक असतो त्याची सुरुवात ११ ने होत होती. त्या क्रमांकाचे पहिले दोन आकडे फेडरल रिझर्व्हच्या बारा विभागांपैकी एक सांगतात. ११ म्हणजे डॅलस, टेक्सासकडचा. ओहायो चारमध्ये येतं. एवढ्यावरून चेक खोटाच असं ठरत नाही, मोठ्या बँकांचे क्रमांक अनेक असतात. पण भिंतीला एकाच ठिकाणी ताजा रंग दिसला की मी त्यामागे काय झाकलंय ते बघतेच.

मी तो चेक भरला नाही. पण भरला असता तर पुढे काय झालं असतं, हे समजून घेणं महत्त्वाचं आहे, कारण सगळी करामत तिथे आहे.

*

मराठीत चेकसाठी एक फार नेमकं क्रियापद आहे: वटणं. चेक भरणं वेगळं, पैसे जमा दिसणं वेगळं आणि चेक वटणं वेगळं. आमच्या आजोबांचं किराणा दुकान होतं. कोणी चेक दिला की ते विचारायचे, "वटला का?" बँकेतून आलेला माणूस "भरला" म्हणाला की त्यांचं समाधान व्हायचं नाही.

अमेरिकेत जमा आणि वटणं यांच्यामध्ये एक फट आहे आणि ती कायद्याने तयार झाली आहे. एके काळी इथल्या बँका लोकांचे चेक कितीतरी दिवस अडकवून ठेवायच्या. पगाराचा चेक भरूनही हातात पैसे नाहीत, अशी तक्रार होती. म्हणून १९८७ साली कायदा झाला की ठरावीक दिवसांत बँकेने खातेदाराला पैसे वापरायला दिलेच पाहिजेत. कॅशिअर्स चेक स्वतः काउंटरवर जाऊन भरला तर सहसा दुसऱ्याच कामकाजाच्या दिवशी पैसे वापरता येतात. लोकांच्या सोयीसाठी केलेला चांगला कायदा आहे हा. पण त्याचा अर्थ एवढाच, की बँक तुम्हाला ते पैसे तुमच्या जबाबदारीवर उचलू देते. ज्या बँकेच्या नावाचा चेक आहे तिने तो मान्य केलाय, असा त्याचा अर्थ नाही. ते कळायला कधी कधी आठवडे जातात. चेकवर बँकेचं नाव एक आणि क्रमांक दुसऱ्याचा असेल तर तो चुकीच्या दारात जाऊन परत फिरतो, आणि चोराला आणखी दिवस मिळतात.

मोबाईलवर मात्र हिरव्या अक्षरांत "उपलब्ध" असं दिसतं. काउंटरवर विचारलं तर समोरची मुलगीही "हो, क्लिअर झालाय" म्हणून मोकळी होऊ शकते, कारण तिच्या पडद्यावरही तेच दिसतं. तुम्ही विश्वासाने २,३५० पुढे पाठवता. झेलने पाठवलेले पैसे क्षणात पोचतात आणि सहसा परत येत नाहीत. दहा-बारा दिवसांनी चेक न वटता परत येतो. बँक तुमच्या खात्यातून पूर्ण २,९५० काढून घेते, वर दंड लावते. चेक तुम्ही भरला, म्हणून जबाबदारी तुमची. मूव्हर्स नसतात, तेलविहीर नसते, आणि ज्या घराचा पत्ता दिला त्याच्या मालकाला यातलं काहीच माहीत नसतं. पत्ता विक्रीच्या जाहिरातीतून उचललेला असतो.

याचाच दुसरा अवतार क्रेडिट कार्डाचा. "माझ्या कार्डावर २,९५० लावा आणि वरचे माझ्या खासगी एजंटला द्या." कार्ड चोरीचं असतं. खऱ्या मालकाच्या लक्षात आलं की काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी, ती रक्कम तुमच्याकडून उलटी काढली जाते. तुम्ही पुढे पाठवलेली तिथेच राहते.

*

ज्यांच्या हाताखाली मी हे काम शिकले, ते आधी सुतार होते. वीस-बावीस वर्षं घरं तपासलेला माणूस. न्यू जर्सीतल्या जुन्या घरांच्या अंगणात खाली गाडलेल्या तेलाच्या टाक्या असतात. विकणारा सांगत नाही आणि वरून काही दिसत नाही. तळघराच्या भिंतीतून बाहेर आलेल्या तांब्याच्या दोन बारीक नळ्यांवरून ते टाकी ओळखायचे. मी त्यांच्या गाडीत बसून राज्यभर फिरले.

एकदा एका घराबाहेर एजंटची वाट बघत बसलो असताना त्यांनी आपणहून सांगितलं. त्यांची फी तेव्हा ४५० होती. चेक २,८०० चा आला. खात्यात पैसे दिसल्यावर त्यांनी ५० डॉलर त्रासाबद्दल ठेवून २,३०० एका "मूव्हर"ला पाठवले. अकरा दिवसांनी बँकेचं पत्र आलं. त्या महिन्यात त्यांनी ट्रकचा हप्ता भावाकडून उसने घेऊन भरला.

मी सहज म्हटलं, "५० डॉलरसाठी?"

ते बराच वेळ समोर बघत राहिले. मग म्हणाले, "५० नसते दिले तरी मी पाठवले असते. पैसे माझे नव्हते. दुसऱ्याचे २,३०० डॉलर खात्यात आहेत या विचाराने मला दोन रात्री झोप लागली नाही. कधी एकदा पाठवतो असं झालं होतं."

आपण धरून चालतो की लोक हावरटपणामुळे फसतात. लॉटरी लागली, पैसे दुप्पट होणार, परदेशातल्या राजपुत्राचा वारसा मिळणार. बातमी वाचून आपण म्हणतो, लोभ नडला. या फसवणुकीत कोणी काही मिळवायला निघालेलं नसतं. उलट, आपलं नसलेलं लवकरात लवकर परत करायला निघालेलं असतं. लबाड माणसाला हा चेक आला तर तो २,९५० घेऊन गप्प बसेल, आणि चेक परत आल्यावर त्याचं फारसं काही जाणार नाही. पडतो तो परक्याचा पैसा खात्यात राहिला तर अस्वस्थ होणारा माणूस. आपल्या घरांत लहानपणापासून हेच शिकवतात. वाण्याने चुकून दोन रुपये जास्त दिले तर परत देऊन ये. मला आईने भर उन्हात परत पाठवलेलं आहे, अशाच दोन रुपयांसाठी. ही शिकवण चुकीची नाही. पण तिच्यात एक गोष्ट अध्याहृत होती: वाण्याचे दोन रुपये खरे होते.

माझ्या गुरूंनी पोलिसांत तक्रार केली नाही. "काय सांगू? घरातली खोट मी शोधतो, आणि कागदातली दिसली नाही?" याच लाजेवर पुढचा चेक छापला जातो. ते माझ्याशी बोलले म्हणून मी वाचले, एवढं साधं आहे ते. तेलविहिरीचा मेल आला तेव्हा माझ्या डोक्यात पहिल्यांदा त्यांचा ट्रकच आला.

*

यावर इन्स्पेक्टर मंडळींना जे सल्ले दिले जातात, त्यातले काही मला पटत नाहीत. एका प्रशिक्षणात सांगितलं गेलं: इंग्रजी मोडकंतोडकं असेल तर सावध राहा, नाव परदेशी वाटलं तर सावध राहा. वर्गात परदेशी नावाची मी एकटीच होते. माझ्या सुरुवातीच्या मेलमध्येही व्याकरणाच्या चुका असायच्या. एडिसनमध्ये माझे निम्मे ग्राहक गुजराती, तेलुगू, मराठी. त्यांतल्या कित्येकांचे आई-वडील मोडक्या इंग्रजीत मेल करतात आणि पैसे वेळेवर देतात. शिवाय आता कोणताही भामटा यंत्राकडून निर्दोष इंग्रजी लिहून घेऊ शकतो. व्याकरणावरून माणूस ओळखायचे दिवस गेले.

दुसरा सल्ला कर्णबधिरांबद्दलचा. "मला ऐकू येत नाही, फक्त मेसेजवर बोला" ही या टोळ्यांची आवडती सबब आहे, त्यामुळे बरेच इन्स्पेक्टर असा मेसेज दिसला की उत्तरच देत नाहीत. मला दोन वर्षांपूर्वी असाच मेसेज आला. मी नेहमीचे प्रश्न पाठवले. दहा मिनिटांत सगळ्यांची उत्तरं आली आणि मागोमाग त्यांचेच अकरा प्रश्न. तळघरात पाणी येतं का? छप्पर किती वर्षांचं? धुराचा इशारा देणाऱ्या यंत्रांना दिवा चमकवणारी यंत्रं जोडता येतील का, वायरिंग तेवढं चांगलं आहे का? तपासणीच्या दिवशी नवरा-बायको दोघंही दुभाष्याला घेऊन आले आणि चार तास माझ्या मागे फिरले. त्याआधी तीन इन्स्पेक्टरांनी त्यांना उत्तर दिलं नव्हतं, असं त्यांनी लिहून दाखवलं. या फसवणुकीचं नुकसान फक्त फसलेल्यालाच होत नाही. ज्यांचं सोंग घेतलं जातं त्यांनाही ते भोगावं लागतं.

म्हणून मी माणसाकडे बघत नाही, दोन गोष्टींकडे बघते.

पहिली, घराबद्दल प्रश्न येतात का? आयुष्यातली सगळ्यात मोठी खरेदी करणारा माणूस चिंतेत असतो. त्याला मुदत पाठ असते. तो रात्री अकराला मेसेज करतो, "त्या कोपऱ्यातला डाग पाण्याचा आहे का हो?" खोट्या ग्राहकाला घराशी देणंघेणं नसतं. त्याचे सगळे प्रश्न पैशाबद्दल असतात. चेक मिळाला का, भरला का, खात्यात दिसतोय का, अजून पाठवले का नाहीत? तुम्ही मूळव्याधीचे डॉक्टर असा की फोटोग्राफर, त्याचा मेल तोच राहतो.

दुसरी, पैसा कुठल्या दिशेने वाहतो? घराभोवतीची जमीन घरापासून बाहेर उतरती हवी, हा आमच्या कामातला पहिला धडा. पाणी घराकडे वाहत असेल तर बाकीचं सगळं नंतर. पैशाचंही तसंच. माझ्या कामात पैसा ग्राहकाकडून माझ्याकडे येतो आणि थांबतो. तो माझ्या हातून तिसऱ्याकडे जावा असं कोणीही, कितीही करुण कारण देऊन म्हटलं, तर तिथे गळती आहे. मूव्हर्सना पैसे देणं इन्स्पेक्टरचं काम नाही. आजाऱ्याचं, सैनिकाचं, विधवेचं, कोणाचंही कारण असो.

या दोन गोष्टींभोवती मी काही सवयी लावून घेतल्या आहेत. तुम्ही घर तपासत नसाल, पण शिकवण्या घेत असाल, केक करून विकत असाल, लग्नाचे फोटो काढत असाल, तरी त्या तुमच्या कामाच्या आहेत. तारीख देण्याआधी मी घर विकणाऱ्या एजंटला, जाहिरातीतल्या नंबरावर, स्वतः फोन करते. त्याच्याशिवाय दार उघडत नाही, तेव्हा हा फोन तसाही करावाच लागतो. करारपत्रावर सही झाल्याशिवाय पैसे घेत नाही, आणि रक्कम ठरली तेवढीच घेते. चेकबद्दल शंका आली तर बँकेचा नंबर बँकेच्या अधिकृत संकेतस्थळावरून शोधते. चेकवर छापलेल्या नंबरावर फोन केला तर पलीकडे चोराचाच माणूस "हो, चेक खरा आहे" म्हणायला बसलेला असू शकतो. आणि बँकेत विचारायचं झालं तर "पैसे उपलब्ध आहेत का" असं विचारत नाही. "ज्या बँकेचा चेक आहे तिने अंतिम पैसे दिले का?" असं विचारते. आजोबांच्या भाषेत, वटला का?

कोणाचे पैसे पुढे गेलेच असतील तर पहिला फोन आपल्या बँकेला, त्याच तासात. मग तक्रार फेडरल ट्रेड कमिशनकडे आणि एफबीआयच्या इंटरनेट गुन्ह्यांच्या केंद्राकडे. चेक टपालाने आला असेल तर टपाल खात्याच्या तपास विभागाकडेही. पैसे परत मिळतीलच असं नाही. पण लाजेने गप्प बसलं तर नक्कीच मिळत नाहीत.

*

हे सगळं अमेरिकेचं आहे, तिथे अजून चेक चालतात म्हणून, असं माझ्या पुण्याच्या भाच्याला वाटायचं. तो नव्या फ्लॅटचा ताबा घेण्याआधीच्या तपासण्या करतो. पोकळ वाजणाऱ्या फरश्या, बाथरूमचा उतार, खिडकीखालची ओल. म्हणजे हल्ली पुण्यातही मामा पैसे देऊन मिळतो.

गेल्या दिवाळीच्या आसपास त्याला फोन आला. मी सैन्यात आहे, पोस्टिंग लांब आहे, वाकडला फ्लॅट घेतलाय, तपासणी करायची आहे. आगाऊ २,००० पाठवतो. मिनिटभरात मेसेज: खात्यात २०,००० जमा. लगेच फोन: "अरेरे, एक शून्य जास्त पडलं. साहेब, गरीब माणूस आहे, १८,००० लगेच परत करा." भाच्याने मेसेज पुन्हा पाहिला. तो बँकेकडून आलेला नव्हता, एका साध्या दहा आकडी नंबरावरून आला होता. त्याने बँकेचं अॅप उघडलं. शिल्लक होती तेवढीच. तो म्हणाला, "पैसे आलेले नाहीत." पलीकडच्याने शिवी देऊन फोन ठेवला.

मला त्याने हे व्हॉट्सअॅपवर सांगितलं तेव्हा मी म्हटलं, "अरे, हा तर माझा तेलविहिरीवाला!" वेष बदललाय, चाल तीच. अमेरिकेत चेक वटायच्या आतली फट वापरतात. भारतात यूपीआयला फटच नाही, पैसे क्षणात जातात, म्हणून तिथे मेसेजच खोटा करतात. मेसेज म्हणजे जमा नव्हे, शिल्लक म्हणजे जमा. कोणी क्यूआर कोड पाठवून "स्कॅन करा, पैसे येतील" म्हणालं तर लक्षात ठेवायचं, पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन मागितला की पैसे जाणार. एकमेकांना पैशाची मागणी पाठवायची सोय ऑक्टोबर २०२५ पासून व्यक्तींपुरती बंद झाली, तेव्हा चोराचं एक दार लागलं. बाकीची उघडी आहेत.

आणि समजा, पैसे खरंच चुकून आले तर? भाच्याने हे विचारलं आणि मला तो प्रश्न आवडला, कारण तो त्याच्या आजीचा नातू आहे. खरे आलेले पैसेही फोनवरच्या माणसाने सांगितलेल्या नंबरावर परत पाठवायचे नाहीत. ते तिसऱ्याच कोणाच्या खात्यातून चोरलेले असू शकतात. त्याची तक्रार झाली की तुमचं खातं गोठू शकतं आणि तुम्ही वेगळ्याच नंबरावर पाठवलेले तर गेलेलेच. आपल्या बँकेला लेखी कळवायचं आणि पाठवणाऱ्याला त्याच्या बँकेत जायला सांगायचं. पैसे आले त्याच वाटेने परत जाऊ द्यायचे. आणि गंडा बसलाच असेल तर १९३० नंबर, लगेच. पहिला तास फार मोलाचा असतो.

परत करायचं नाही असं मी कुठेच म्हणत नाहीये. घाईने आणि दुसऱ्याच्या हातात परत करायचं नाही, एवढंच. प्रामाणिकपणाला थोडा धीर जोडावा लागतो. आजीच्या काळात ते जोडलेलंच होतं, कारण दुकान समोर होतं आणि वाणी ओळखीचा.

माझ्या करारपत्रात आता एक ओळ आहे: ठरलेल्या रकमेपेक्षा जास्त रकमेचा चेक आल्यास तो न भरता पूर्णच्या पूर्ण परत पाठवला जाईल, फरकाची रक्कम कोणालाही दिली जाणार नाही. ही ओळ लिहिल्यापासून असे चार चेक आले. चारही वेळा मी त्या ग्राहकांना एकच मेल केला. चेक वापरलेला नाही, कृपया ६०० चा नवा पाठवावा.

तिघांचं पुन्हा काही आलं नाही. चौथ्या एक निवृत्त शिक्षिका होत्या, मुलीजवळ राहायला म्हणून छोटं घर घेत होत्या. रेडॉनच्या चाचणीचे पैसे त्यांनी चुकून दोनदा धरले होते. चार दिवसांनी त्यांचा नवा चेक आला, बरोबर रकमेचा. सोबत चिठ्ठी होती: नियम आवडला, माझ्या भावालाही सांगितला.

तो चेक मी भरला. आठवड्याने बँकेत जाऊन विचारलं. वटला होता.